शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा का अडतो?

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर किंवा आतड्यावर केली जाणारी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे वजन पहिले काही महिने झपाट्याने उतरते आणि मग काटा एका जागी अडतो. मुंबईतल्या कोणत्याही हाउसिंग सोसायटीत यावर दोन निदाने तयार असतात: पोट पुन्हा ताणले गेले, किंवा ऑपरेशन फसले. तिसरे निदान दृष्ट लागल्याचे. त्यावरचा मीठ-मोहरीचा उतारा निदान निरुपद्रवी तरी आहे. 'चरबी जाळणाऱ्या' चूर्णांबद्दल आणि पाच दिवस नुसती पेये पिऊन पोट 'रिसेट' करण्याच्या योजनांबद्दल तेवढेही म्हणवत नाही. यांपैकी कोणीही ज्याकडे पाहत नाही, तो आहे शरीराचा ऊर्जेचा ताळेबंद.

पहिल्या महिन्यात, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारा खंड किरकोळ असतो. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साखर साठवते व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपासमारीच्या सुरुवातीच्या दिवसांत हा साठा पाण्यासकट संपतो, म्हणून वजन धडाधड उतरते. पुढे तो थोडाफार भरून येऊ लागला की चरबी घटत असूनही काटा हलत नाही. तो आपोआप सुटतो. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास येणारा मुक्काम मात्र वेगळा असतो.

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी आणि तिच्या तळाला एक भोक आहे असे समजावे. पाण्याची पातळी जितकी खाली जाईल तितका दाब कमी होतो आणि भोकातून पाणीही कमी वाहते. शरीराचे तसेच आहे. वजन एक किलोने घटले की रोजचा ऊर्जाखर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो, कारण वाहून नेण्याचे ओझे आणि पोसायचे ऊतक दोन्ही कमी झालेले असतात. 120 किलोंवरून 85 किलोंवर आलेल्या व्यक्तीचा खर्च अशा रीतीने दिवसाला सातशे ते हजार कॅलरींनी उतरतो. त्याखेरीज शरीर आणखी काटकसर करते. रुडॉल्फ लीबेल, मायकेल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श या संशोधकांनी 1995 साली दाखवले की 10 टक्के वजन घटवल्यावर ऊर्जाखर्च केवळ शरीराच्या आकारावरून अपेक्षित असतो त्याहूनही खाली जातो. चरबीच्या पेशी आक्रसल्या की त्यांच्यातून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते. त्याची नोंद घेऊन मेंदूतील हायपोथॅलॅमस थायरॉइड संप्रेरकांची आणि सिंपथेटिक मज्जासंस्थेची पातळी खाली आणतो, आणि स्नायू तेच काम कमी इंधनात करू लागतात.

पण टाकीला बॉलकॉकही असतो. पातळी उतरली की तो उघडतो आणि पाणी आत येऊ लागते. शरीरात हे काम भूक करते, आणि तिचा जोर किती हे मोजण्याची एक सुरेख संधी मधुमेहाच्या एका औषधाने दिली. कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीवाटे रोज सुमारे 360 कॅलरींची साखर निघून जाते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे 'आता कमी खायचे' असा कोणताही निश्चय नसताना वजन उतरते. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2016 साली या रुग्णांच्या वजनाच्या आलेखावरून त्यांचे खाणे किती वाढले असावे याचे गणित मांडले. उत्तर आले: घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला जवळजवळ 100 कॅलरींची वाढ. ऊर्जाखर्चातील घटीच्या तिप्पट-चौपट! चयापचय मंदावल्याची तक्रार सगळेच करतात. प्रत्यक्षात वजन अडवण्याचा मोठा वाटा भुकेचा असतो, आणि तो माणसाच्या नकळत उचलला जातो.

शस्त्रक्रियेचे खरे काम इथे कळते. स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. त्याबरोबर घ्रेलिन या भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाचे मुख्य उगमस्थान असलेला वरचा घुमटही जातो. अन्न लहान आतड्यात लवकर पोहोचल्याने तृप्तीचा संदेश देणारी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरके वाढतात. थोडक्यात, बॉलकॉक ढिला होतो, म्हणजे पातळी बरीच उतरेपर्यंत उघडत नाही. म्हणूनच केवळ आहार कमी करणाऱ्याचे वजन ज्या पातळीवर अडते त्याच्या बरेच खाली शस्त्रक्रियेनंतरचे वजन जाते. पण ढिला बॉलकॉकसुद्धा कधीतरी उघडतोच. आवक आणि जावक जिथे जुळतात तिथे काटा अडतो.

शेवटच्या टप्प्यात ही तफावत फार लहान उरते. रोज 200 कॅलरींची तूट असेल, तर एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असल्यामुळे आठवड्याला दोनशे ग्रॅमही कमी होत नाहीत. उलट आदल्या रात्रीचे पापड-लोणचे काट्यावर किलोभर पाणी चढवू शकते. रोज सकाळी काट्यावर उभे राहण्यापेक्षा महिन्याची सरासरी आणि कमरेचा घेर पाहणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे. त्या 200 कॅलरी ऑफिसातल्या चार-पाच गोड कटिंग चहांत सहज भरून निघतात. शेव, चिवडा, बिस्किटे, आमरस असे पदार्थ लहान झालेल्या जठरातून अडथळ्याविना सरकतात, तर मूगडाळ, पनीर, अंडे किंवा सुरमईची तुकडी तिथे रेंगाळते. आहारतज्ज्ञ रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने सुचवतात ती स्नायू टिकावेत म्हणून. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी आणि संकष्टीच्या साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. वजन अडले म्हणून जेवण आणखी तोडणाऱ्याचे आधी स्नायू झिजतात. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम केल्याने काटा फारसा हलणार नाही, पण स्नायू वाचतील.

हा मुक्काम आणि वजन पुन्हा चढणे यांत फरक करायला हवा. वजन सलग काही महिने वाढत असेल, तर सर्जनकडे जाऊन स्टिरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधे आणि थायरॉइड यांचा आढावा घ्यावा. जठर खरोखरच रुंदावले आहे का हे एंडोस्कोपीत किंवा बेरियमच्या क्ष-किरण तपासणीत दिसते, तर्काने नव्हे. 2025 साली भारतात आलेल्या टिर्झेपटाइडसारख्या इंजेक्शनांचा विचारही अशा रुग्णांसाठी होतो, आणि ती भुकेच्या त्याच बॉलकॉकवर काम करीत असल्यामुळे बंद केल्यावर बहुतेकांचे वजन परत वाढू लागते.