जायबंदी रनिंग बॅकवर पैसे लावावेत का?

२०१३ आणि २०१४ ही दोन वर्षं सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघात दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, एकत्र होते. दोघांच्याही दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं कॉलेजात असतानाच होऊन गेलेली. दोघांवरही ‘हा सारखा जायबंदी होतो’ हा शिक्का बसलेला, आणि त्या शिक्क्यापायी व्यावसायिक निवडीत दोघंही घसरलेले. फ्रँक गोर २००५ साली ६५ वा निवडला गेला, मार्कस लॅटिमोर २०१३ साली १३१ वा.

गोर सोळा हंगाम आणि २४१ सामने खेळला. त्याच्या नावावर बरोब्बर १६,००० यार्ड आहेत, म्हणजे अंगावर येणाऱ्यांना चुकवत, धडकत, पडत-उठत कापलेलं साडेचौदा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या इतिहासात त्याच्या पुढे फक्त एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन आहेत. लॅटिमोरने नोव्हेंबर २०१४ मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. लीगचा एकही सामना तो खेळला नव्हता. त्याच हंगामात ३१ वर्षांचा गोर १,१०६ यार्ड धावला.

कागदावर या दोघांची माहिती शेजारी शेजारी ठेवली असती तर कुणाचं काय होणार हे ओळखता आलं असतं का? थोडंफार आलं असतं, असं मला वाटतं. पण त्यासाठी ‘किती वेळा दुखावला’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रश्न बाजूला ठेवावा लागतो.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी एवढंच: रनिंग बॅक म्हणजे कबड्डीतला चढाईपटू समजा, फक्त त्याच्या बगलेत चेंडू असतो आणि समोरची भिंत सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांची असते. एका सामन्यात पंधरा-वीस वेळा तो त्या भिंतीत घुसतो. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस बत्तीस संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात, तो ‘ड्राफ्ट’. निवडलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो. म्हणजे संघाला खरं तर पुढच्या चार वर्षांचाच अंदाज बांधायचा असतो. हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

आधी शिक्क्याचा हिशेब करू. समजा, शंभर रनिंग बॅक आहेत, सगळे अगदी सारख्या ताकदीचे, आणि कुठल्याही हंगामात प्रत्येकाला मोठी दुखापत होण्याची शक्यता ३० टक्के आहे. (हा आकडा निव्वळ हिशेबासाठी धरलाय.) तीन वर्षांचं कॉलेज संपेपर्यंत यांतल्या सुमारे २२ जणांना निदान दोन हंगामांत मोठी दुखापत झालेली असेल आणि ३४ जणांना एकदाही नाही. लोक पहिल्या गटाला ‘काचेचा’ म्हणतील, दुसऱ्याला ‘पोलादी’. प्रत्यक्षात दोघांत काडीचा फरक नाही, आपण तो तसा धरलाच नव्हता. चौथ्या वर्षी दोन्ही गटांचा धोका पुन्हा तोच, ३० टक्के.

त्यात आणखी एक गोम आहे. जो चांगला खेळतो त्यालाच प्रशिक्षक पुन्हा पुन्हा चेंडू देतो. साउथ कॅरोलायना विद्यापीठात पहिल्याच वर्षी, २०१० मध्ये, लॅटिमोरने २४९ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, १,१९७ यार्ड आणि १७ टचडाउन काढले, म्हणजे सतरा वेळा चेंडू थेट विरोधकांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला इतके मार खायला लावायचे आणि मग तो मोडला की त्याच्या शरीराला नावं ठेवायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

पण सगळा खेळ नशिबाचाच आहे असंही नाही. मांडीच्या मागचा स्नायू एकदा फाटला की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो, हे अनेक खेळांत दिसून आलंय. गुडघ्यातल्या एसीएलचंही, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटचंही, तसंच. ऑपरेशननंतर मैदानावर परतलेल्या तरुण खेळाडूंत साधारण चारा-पाचांतल्या एकाचा एसीएल पुन्हा फाटतो, कधी त्याच गुडघ्यात, कधी दुसऱ्या. म्हणून नुसते दुखापतींचे आकडे मोजून भागत नाही. शरीरातला कुठला भाग गेला आणि तो कसा भरून येतो, हे बघावं लागतं.

एड्रियन पीटरसनचं उदाहरण सोपं आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात असताना ऑक्टोबर २००६ मध्ये त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, तेव्हा त्याच्याही नावापुढे प्रश्नचिन्ह लागलं. पण हाड ही रक्ताने भरलेली, जिवंत वस्तू आहे. मोडलं तरी ते नवं हाड तयार करून सांधतं, नुसता व्रण ठेवून भागवत नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्याच वर्षी त्याने एका सामन्यात २९६ यार्ड काढून विक्रम केला.

एसीएलची गोष्ट वेगळी. मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत गुडघ्याच्या पोटातून तिरकी जाणारी ही करंगळीएवढी दोरी नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना सांधा पिरगळू देत नाही. ती सांध्यातल्या वंगणात बुडालेली असते, त्यामुळे फाटल्यावर तिथे रक्ताची गुठळी धरत नाही, आणि गुठळी नाही तर भरून येणंही जवळपास नाही. मग सर्जन गुडघ्याच्या वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या स्नायुबंधातून पट्टी काढून हाडात भोकं पाडून तिथे बसवतो.

पुढे जे होतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. बसवलेल्या पट्टीतल्या पेशी आधी मरतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने तंतू मोडून नवे विणतात. या मोडतोडीत पट्टी सगळ्यांत कमजोर होते ती ऑपरेशननंतर साधारण दीड ते तीन महिन्यांत, नेमकी तेव्हाच जेव्हा सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि खेळाडूला वाटतं की आपण बरे झालो. विणकाम पुरं व्हायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये असं आता बहुतेक डॉक्टर सांगतात, ते यासाठी.

आणि गुडघाच निखळला तर? वाटी सरकणं नव्हे, मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांपासून सुटणं. लॅटिमोरचं तेच झालं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं, त्यातून तो परतला. २७ ऑक्टोबर २०१२ ला, एकविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, टेनेसीविरुद्धच्या सामन्यात उजवा गुडघा निखळला आणि त्यातली एकाहून जास्त लिगामेंट फाटली. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले होते. अशा दुखापतीत डॉक्टरला आधी काळजी लिगामेंटची नसते. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य धमनी जाते, ती फाटली तर पाय गमवावा लागू शकतो. बाहेरच्या बाजूने एक मज्जातंतू जातो, तो ताणला गेला तर पाऊल वर उचलता येत नाही. हे सगळं निभावलं तरी एकाच सांध्यात दोन-तीन पट्ट्या एकदम भरून याव्या लागतात. एक घट्ट बसली आणि दुसरी सैल, तर सांधा वाकडाच चालतो.

व्यावसायिक संघ हे तपासतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला भरणाऱ्या ‘कम्बाइन’मध्ये. टीव्हीवर दिसते ती चाळीस यार्डांची दौड, पण हे शिबिर मुळात सुरू झालं ते वैद्यकीय तपासणीसाठी. खेळाडू आखूड चड्डीवर टेबलावर आडवा होतो. डॉक्टर त्याचा गुडघा वीस-तीस अंशांत वाकवतो, एका हाताने मांडी धरतो, दुसऱ्या हाताने नडगी पुढे खेचतो. चांगल्या गुडघ्यात नडगी थोडी सरकते आणि खट्कन अडते. फाटलेल्या किंवा सैल पडलेल्या एसीएलमध्ये ती सरकत राहते, शेवट लागतच नाही. हा झाला एका संघाचा डॉक्टर. मग दुसरा येतो, तोच गुडघा, तीच खेच. नावाजलेल्या गुडघ्याला एका दिवसात किती हात लागत असतील!

या तपासणीतली एक अडचण फारशी कुणी बोलून दाखवत नाही. नडगी किती सरकली तर जास्त, हे ठरवायचं कसं? त्याच माणसाच्या दुसऱ्या गुडघ्याशी ताडून. तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर शंका घ्यायची. एका पायावर उडी मारायला लावतात, तिथेही दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के उडी मारतो का हे बघतात. गोर आणि लॅटिमोरच्या बाबतीत ताडून बघायला चांगला गुडघाच शिल्लक नव्हता. दोन्ही सारखेच कमजोर असतील तरी चाचणी म्हणणार, ठीक आहे.

इथे गोर आणि लॅटिमोर यांच्यातला खरा फरक उघडा पडतो, आणि तो एमआरआयमध्ये नाही. मायामी विद्यापीठात गोरचा उजवा एसीएल २००२ च्या वसंतातल्या सरावात गेला, डावा २००३ च्या हंगामात. पण दुसऱ्या ऑपरेशननंतर तो २००४ चा कॉलेज हंगाम खेळला, १९७ वेळा धावला, ९४५ यार्ड काढले. त्याच्या दोन्ही नव्या पट्ट्या ड्राफ्टच्या आधीच मैदानावर तपासून झाल्या होत्या. लॅटिमोर ड्राफ्टमध्ये आला तो दुखापतीनंतर सहाच महिन्यांनी, एकही सामना न खेळता. तेव्हा त्याच्याविषयी जे काही सांगता येत होतं, ते फक्त टेबलावरचं. मला निवड करायची झाली तर डॉक्टरांच्या शेऱ्याआधी मी हेच विचारेन की दुखापतीनंतर हा किती वेळा चेंडू घेऊन धावलाय.

अर्थात हा नियम मोडणारा एक गडी आहेच, आणि तोही गोरच्याच कॉलेजचा. गोर २००२ मध्ये जायबंदी झाला म्हणून त्याची जागा विलिस मॅकगाहीला मिळाली. जानेवारी २००३ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याची तीन लिगामेंट फाटली. चारच महिन्यांनी बफलो बिल्सने त्याला तेविसावा निवडला, तोही पहिल्या फेरीत! लोकांनी वेड्यात काढलं. बिल्सने त्याला २००३ चा अख्खा हंगाम बसवून ठेवलं आणि २००४ मध्ये तो १,१२८ यार्ड धावला. पुढे त्याने आठ हजारांवर यार्ड काढले. त्याच्या तीन लिगामेंटमध्ये आतल्या बाजूचं लिगामेंट होतं, जे बऱ्याचदा पट्टा बांधून, ऑपरेशनशिवायही भरून येतं. बाहेरच्या बाजूचं तसं सहज येत नाही. एवढ्याने मॅकगाहीचं यश उलगडतं असं मी म्हणणार नाही, पण ‘तीन फाटली’ या आकड्यापेक्षा ‘कुठली तीन’ हे जास्त सांगतं.

मग टॉड गर्ली. जॉर्जिया विद्यापीठाच्या या मुलाचा डावा एसीएल १५ नोव्हेंबर २०१४ ला गेला. एकच लिगामेंट, एकच गुडघा. रॅम्स संघाने त्याला दहावा निवडला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू तोच ठरला. २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडूही तोच. अंदाज शंभर टक्के खरा, नाही का? २०१८ च्या हंगामाच्या अखेरीस गुडघा कुरकुरायला लागला. त्यात संधिवाताचा भाग आहे असं त्याच्या व्यायाम-प्रशिक्षकाने नंतर सांगितलं. २०२० चा हंगाम त्याचा शेवटचा, तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

एसीएल फाटतो त्या क्षणी हाडं एकमेकांवर आदळतात, कूर्चेच्या पेशी मरतात. कूर्चेला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे तिथे दुरुस्ती होत नाही. नवी पट्टी सांधा स्थिर करते, पण झिजेला ती हमखास रोखत नाही. ही झीज वर्षांच्या मापाने चालते. म्हणून पहिल्या चार वर्षांत हा धावेल का आणि सातव्या वर्षी धावेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच गुडघ्यासाठी वेगळी असू शकतात.

गोरकडे बोट दाखवून ‘बघा, दोन्ही गुडघे गेले तरी सोळा वर्षं खेळला’ असं म्हणणारे विसरतात की गोरचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते तो टिकला म्हणूनच. फोर्टीनाइनर्सने २०१३ पासूनच्या दोन-तीन वर्षांत एसीएल फाटलेले बरेच खेळाडू स्वस्तात पडतात म्हणून उचलले, लॅटिमोर त्यांतलाच एक. त्यांतल्या फार कुणी नाव काढलं नाही. तरीही १३१ व्या क्रमांकाला लॅटिमोरला घेणं मला चूक वाटत नाही. चौथ्या फेरीतले धडधाकट गडीसुद्धा बहुतेक वेळा फार काळ टिकत नाहीत, मग एवढ्या गुणी पोरावर तेवढी किंमत लावायला काय हरकत होती?

मला खटकतो तो रॅम्सचा जुलै २०१८ मधला निर्णय. त्यांनी गर्लीला चार वर्षांची मुदतवाढ दिली, जवळपास सहा कोटी डॉलरची, त्यांतल्या साडेचार कोटींची हमी. मार्च २०२० मध्ये त्यांनीच त्याला सोडून दिलं. करार केला तेव्हा त्या गुडघ्याला साडेतीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता, आणि त्याच्या जुन्या करारातले दोन हंगाम अजून शिल्लक होते.