नेट डबल करणारा राउटर आणि पिठाची गिरणी

"दादा, तुझा तो जुना राउटर पडून आहे ना? त्यात ते दुसरं फर्मवेअर टाकून दे. नेट डबल होतं म्हणे!"

चिपळूणहून मामेभावाचा फोन. त्याने कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. खरी तक्रार मात्र वेगळीच निघाली. मामी संध्याकाळी ऑनलाइन शिकवणी घेते. नेमक्या त्याच वेळी याच्या फोनमधले फोटो आपोआप वर चढायला लागले की पडद्यावर मामी थिजते, तोंड उघडं ठेवूनच. केबलवाला येतो, वेग मोजतो, खाली येताना ५० आणि वर जाताना १० एमबीपीएस भरतो. "सगळं ओके आहे," म्हणून तो निघून जातो. आणि तो खोटं बोलत नसतो.

मी राउटर तयार करून दिला. नेट डबल झालं नाही. उलट नवं फर्मवेअर चढवल्यावर मी पहिलं काम केलं ते नेटचा वेग कमी करण्याचं. शिकवणी मात्र सुरळीत झाली. यात जादू काही नाही, पण मजा भरपूर आहे.

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. माझा टीपी-लिंकचा आर्चर सी७, दुसरी आवृत्ती: ७२० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी १६ एमबीची फ्लॅश चिप. त्या चिपवर जी प्रणाली कोरलेली असते ती फर्मवेअर. बहुतेक घरगुती राउटरांत आतून लिनक्स ही मुक्त संगणकप्रणालीच चालते, आणि हे जगाला कळलं त्याचीही गंमत आहे. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं काही चिकित्सक लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना असा की ते वापरून वस्तू विकलीत तर तो सोर्स कोडही मागणाऱ्याला द्यायचा. कंपनीने आधी चालढकल केली आणि मग कोड खुला केला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला, आणि मी चढवलं ते फर्मवेअर त्याचंच. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या राउटरचंच. पुढे २००५ मध्ये कंपनीने त्याच राउटरची मेमरी निम्मी करून लिनक्स काढून टाकलं, आणि लोक कुरकुरल्यावर लिनक्सवाला वेगळा काढून विकला. त्याच्या नावात शेवटी एक 'एल' जास्त.

आता चढवण्याबद्दल. घाबरायचं किती, हे चिपची मांडणी समजली की कळतं. फ्लॅशवर कागदासारखं कुठेही खोडून लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ठोकळा, साधारण ६४ केबीचा, पुसावा लागतो आणि मग तिथे नवं लिहिता येतं. म्हणजे मधल्या काळात जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. नेमके तेव्हा लाईट गेले की राउटरची वीट झाली, 'ब्रिक' झाला, म्हणतात. आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघता हे काम इन्व्हर्टरवरच करावं.

पण सी७ मध्ये चिपचे पहिले १२८ केबी बूटलोडरचे, म्हणजे राउटर चालू होताच सगळ्यात आधी धावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, असतात आणि नेहमीचं अपडेट त्यांना हात लावत नाही. त्यामुळे वरचा सगळा कारभार बिघडला तरी रीसेटचं बटण दाबून राउटर चालू केला की बूटलोडर जागा होतो आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर कुणी ठरावीक नावाची फाइल घेऊन बसलंय का, अशी हाक मारतो. तुमचा लॅपटॉप तिथे बसलेला असला की वीट पुन्हा राउटर होते. खरी अपरिवर्तनीय चूक शेवटच्या ६४ केबीत आहे. तिथे कारखान्यात त्या विशिष्ट राउटरच्या रेडिओचं जुळवून लिहिलेलं मापन असतं. ते पुसलं आणि आधी प्रत काढून ठेवली नसेल, तर इंटरनेटवर कुठेही ते मिळणार नाही, कारण जगात तसा दुसरा राउटरच नाही.

बाकी पथ्यं थोडी. खालच्या लेबलवरची आवृत्ती बघा. सी७ च्या पहिल्या आवृत्तीचा डबा दिसायला तसाच, पण तिची ५ गिगाहर्ट्झची चिप ओपनडब्ल्यूआरटीवर चालत नाही. फाइल प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवा. कुणाच्या टेलिग्राम ग्रुपवरची फाइल राउटरमध्ये घालणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. पहिल्यांदा 'फॅक्टरी' नावाची फाइल, नंतरच्या वेळी 'सिसअपग्रेड'. आणि चढवून झाल्यावर वायफाय दिसलं नाही तर कपाळाला हात लावू नका. बहुतेक राउटरांवर ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, केबल लावून आपण चालू करायचं.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो. रांग.

फोनमधून फोटो वर जातो तो तुकड्यातुकड्यांनी. एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. १० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला एक कोटी बिटांच्या, वाटेवरून ते जायला १.२ मिलिसेकंद लागतात. किती वेगाने पाठवायचं हे फोनला कुणी सांगत नाही. टीसीपी नावाचा नियम ते चाचपडत ठरवतो: वेग वाढवत न्यायचा, आणि एखादं पॅकेट हरवलं की वाट भरली असं समजून मागे सरायचं. ही शिस्त १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी मांडली. त्याआधी १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेपासून जेमतेम चारशे यार्डांवरच्या विद्यापीठापर्यंतचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. सगळेच एकमेकांना तुडवत पुढे घुसत होते.

थोडक्यात, पॅकेट हरवणं हा दोष नव्हे, तो निरोप आहे. पुढे मेमरी स्वस्त झाली, आणि उपकरणं बनवणाऱ्यांना वाटलं की पॅकेट हरवूच नये. लावा मोठा बफर, म्हणजे पॅकेटांना थांबायची मोठी जागा! लिनक्समध्ये रांगेची लांबी कित्येक वर्षं आपसूक १००० पॅकेट धरलेली असे. गिगाबिटच्या वाटेवर १००० पॅकेट १२ मिलिसेकंदांत निघून जातात. १० एमबीपीएसवर त्यांनाच १.२ सेकंद लागतात. फोटो ही रांग तुडुंब भरतात, काहीही हरवत नाही, म्हणून फोनला कळत नाही की थांबायला हवं. आणि मामीच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या हजारांच्या मागे उभं राहतं. वेग मोजणारं ॲप मात्र खूश, कारण वाट पूर्ण भरलेली आहे! बेल लॅब्समधल्या जिम गेटिस यांना २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवताना हेच दिसलं आणि त्यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हटलं. आपण बफरफुगी म्हणू.

रांग छोटी करून टाकावी, असं पटकन वाटतं. पण किती छोटी? लहान धक्के पचवायला थोडी रांग लागतेच. याचं उत्तर कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये दिलं. त्याचं नाव कोडेल. मला ते पिठाच्या गिरणीत उत्तम कळतं.

गिरणीत डब्यांची ओळ आहे. गिरणीवाल्यावर ताण आहे का, हे कसं ओळखाल? डबे मोजून नाही, कारण कुणाचा डबा किलोभर भाजणीचा तर कुणाचा लग्नघरचा पन्नास किलोचा. कोडेल म्हणतो, डबे मोजूच नका. जो डबा आत्ता दळून निघाला तो किती वेळ थांबला होता, एवढंच बघा. गेल्या १०० मिलिसेकंदांत निदान एकदा तरी कुणी ५ मिलिसेकंदांच्या आत निघालं का? निघालं असेल तर रांग येते आणि विरते, ती चांगली रांग. आणि सगळ्यात कमी थांबलेलाही ५ च्या वर असेल, तर रांग मुक्कामाला आली आहे. म्हणजे सरासरी नाही, किमान मोजायचं. सरासरी एका धक्क्याने फुगते. किमान फुगायला रांग सतत उभीच असावी लागते. एवढ्या एका निवडीवर मी फिदा आहे.

मुक्कामी रांग सापडली की कोडेल एक पॅकेट टाकून देतो. (गिरणीत असं केलं तर मारामारी होईल, तेव्हा उपमा इथे सोडू.) तेवढ्याने टीसीपी समजला तर ठीक. नाही तर पुढचं पॅकेट १०० मिलिसेकंदांनी, मग १०० भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७१ नी, मग १०० भागिले ३ चं वर्गमूळ, ५८ नी, मग ५० नी. वर्गमूळच का? कारण टीसीपीचा वेग हा पॅकेट हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वर्गमूळाला वर्गमूळाने उत्तर दिलं की वेग पायरीपायरीने सरळ रेषेत उतरतो, हिसका बसत नाही. डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडा, पुढचं अडत नाही.

याला जोड मिळाली न्याय्य रांगेची. एरिक ड्युमाझे आणि डेव्ह टॅट यांच्यासारख्यांच्या कामातून त्याच वर्षी लिनक्समध्ये 'एफक्यू-कोडेल' आलं. एका ओळीऐवजी १०२४ ओळी. कुठून कुठे, कुठल्या पोर्टवरून, यावरून प्रत्येक संवादाला त्याची ओळ ठरते, आणि दर फेरीला प्रत्येक ओळीतून एकेक मापटं दळायचं. नव्याने आलेल्या, थोडंच दळण असलेल्या डब्याला आधी घ्यायचं. जुने गिरणीवाले हे नकळत करतातच: "वहिनी, तुमचं किलोभरच ना? द्या." लग्नघरच्यांना त्याने काही फरक पडत नाही, आणि वहिनी पाच मिनिटांत घरी. मामीच्या आवाजाचं पॅकेट म्हणजे ही किलोभर भाजणी.

मग वेग कमी का करायचा? कारण मूळ रांग राउटरमध्ये नसतेच. राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत गिगाबिट केबल आहे, पॅकेट तिथून सुळकन जातात आणि त्या डब्यात, जिथून वाट १० एमबीपीएसची होते, तिथे साचतात. तो डबा कंपनीचा, कुलूपबंद, त्यात आपलं फर्मवेअर जात नाही. म्हणून राउटरला सांगायचं की वाट ९ चीच आहे. मग डब्यात काही साचत नाही, रांग आपल्या हातात येते, आणि जिथे रांग तिथे शहाणा गिरणीवाला बसवता येतो. ओपनडब्ल्यूआरटीत 'एसक्यूएम' नावाचं पॅकेज टाकलं की त्याचं पान दिसतं, त्यात 'केक' (एफक्यू-कोडेलचा पुढचा अवतार) निवडायचं आणि दोन आकडे भरायचे. खाली येणाऱ्या पॅकेटांना आपण पोचल्यावरच अडवतो, त्यामुळे तिथेही थोडी सूट ठेवायची. ५० चे ४५ केले.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पॅकेट बऱ्याचदा चिपमधल्या खास वाटेने, प्रोसेसरला न विचारता पुढे जातात. त्या वाटेवर गिरणीवाला बसत नाही. गिगाबिट कनेक्शनवर माझ्यासारखा जुना राउटर फ्लॅश केला तर नेट डबल सोडाच, चांगलंच कमी होईल. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

ते आणखी एक सांगतात: देश बदला, पॉवर वाढवा, रेंज वाढेल. वायफाय हा दुहेरी संवाद आहे. राउटरने ओरडून सांगितलं तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि त्याचं उत्तर राउटरला ऐकू आलं नाही तर सगळं फुकट. शिवाय ते बेकायदा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने याच देश-निवडीच्या पळवाटेवरून टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर वसूल केले, आणि त्याच समझोत्यात कंपनीला मुक्त फर्मवेअरवाल्यांना वाट करून देण्याचं कबूल करायला लावलं. भारतात ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा २०१८ च्या ऑक्टोबरपासून परवान्याशिवाय खुला आहे, तेव्हा यादीत 'भारत' निवडून काही बिघडत नाही.

मामाकडे राउटर आग्नेय कोपऱ्यात होता, कारण वीज म्हणजे अग्नी. त्यावर 'रेडिएशन शोषणारं' सोनेरी स्टिकरही होतं. स्टिकर खरंच शोषत असेल तर रेंज कमी व्हायला हवी, आणि रेंज कमी होत नसेल तर ते काही शोषत नाही. मामाने थोडा विचार केला आणि ते काढून फ्रिजवर लावलं. राउटर आम्ही घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला. लाटांना भिंती मोजता येतात, दिशा नाही.

वेगापलीकडचं एक कारण मला जास्त पटतं. कंपन्या बऱ्याचदा काही वर्षांतच अपडेट देणं थांबवतात आणि जुन्या भोकांसकट राउटर चालत राहतो. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोराने निदान पाच लाख उपकरणं, मुख्यतः राउटर, पोखरली होती, ५४ देशांत. माझ्या जुन्या सी७ साठी ओपनडब्ल्यूआरटीने कंपनीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं नवं फर्मवेअर काढलं.

आठवड्याने मामेभावाचा पुन्हा फोन. शिकवणी नीट चालू आहे, फोटोही चढतायत. मग जरा घुटमळून म्हणाला, "पण दादा, मी आत्ता स्पीड मोजला, ४५च येतोय. उरलेले पाच कुठे गेले?"