इंग्रजी वाक्य प्रीपोझिशनने संपले तर चूक? नाही!

‘इंग्रजी वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन (‘फॉर’, ‘विथ’, ‘अ‍ॅट’ असे, सहसा नामाआधी येणारे शब्द) येता कामा नये’ असे अनेकांनी शाळेत घोकले आहे. प्रत्यक्षात असा नियम नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांना नाक मुरडले. १७६२ मध्ये व्याकरणकार रॉबर्ट लोथने ही रचना बोलण्यात सर्रास असल्याचे मान्य केले. गंभीर लेखनात टाळलेली बरी, इतकेच त्याचे म्हणणे. पुढच्यांनी त्या आवडीनिवडीचा कायदा केला.

गंमत म्हणजे, शेवटी दिसणारा शब्द पुष्कळदा प्रीपोझिशन नसतोच. ‘स्विच इट ऑफ’ मधला ‘ऑफ’ हे क्रियापदाला जोडलेले क्रियाविशेषण आहे. ओळखायचे कसे? सर्वनाम घालून पाहा. ‘स्विच ऑफ द लाइट’ आणि ‘स्विच द लाइट ऑफ’ दोन्ही चालतात. पण ‘लाइट’च्या जागी ‘इट’ आले की ते मध्येच बसते, ‘स्विच ऑफ इट’ चुकीचे. याउलट ‘लुक आफ्टर हिम’ मधला ‘आफ्टर’ खरा प्रीपोझिशन, म्हणून सर्वनाम त्याच्यामागूनच येते. ‘लुक हिम आफ्टर’ कोणी म्हणत नाही. ‘पुट अप विथ’ मध्ये तर दोन्ही आहेत: ‘अप’ क्रियाविशेषण, ‘विथ’ प्रीपोझिशन.

आणि खरा प्रीपोझिशन शेवटी आला तरी बिघडत नाही. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ हे सहज इंग्रजी. ‘फॉर हूम आर यू वेटिंग?’ हेही शुद्धच, पण गप्पांत कडक इस्त्रीचे वाटते. ‘व्हेअर आर यू अ‍ॅट?’ प्रमाण लेखनात खटकते, ते ‘अ‍ॅट’ अनावश्यक आहे म्हणून.