मुंबई–लंडन: दोऱ्याखालची कराची

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून बघा. अंतर भरतं सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात लक्षात येत नाही, पण हा दोरा जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढे पूर्व इराण, कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन. अंतर तेवढंच राहिलं, वेळ मात्र बदलत गेला, आणि त्यात कराचीचा हात पहिल्यापासून आहे.

विलायतेला जायचं म्हणजे आधी बोटच. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला तरी दोन-तीन आठवडे धरूनच चालावं लागे. ३० मार्च १९२९ ला इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, त्यातही युरोपातला एक टप्पा चक्क आगगाडीने! कराचीहून मुंबईला मात्र विमानसेवा नव्हती. ती उणीव १५ ऑक्टोबर १९३२ ला भरून निघाली. जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथमधून सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादेत विमानाचं इंधन आलं होतं बैलगाडीतून.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला झेपावलं. वाटेत थांबे कैरो आणि जिनिव्हा, कराची नाही. तेव्हाच्या पंख्याच्या विमानांना एका दमात एवढा पल्ला झेपत नसे, इंधनासाठी उतरावंच लागे. हे थांबे कधीकधी फार महाग पडले. हेच विमान नोव्हेंबर १९५० मध्ये जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ आली, वेग वाढला, पण जिनिव्हाचा थांबा राहिलाच. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच पर्वतावर कोसळलं. त्यात डॉ. होमी भाभा होते.

पुढे लांब पल्ल्याची विमानं आली आणि थांबे गळाले. आता जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात, येताना त्याहून कमी. उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे येताना पाठीशी असतात.

पण दोऱ्याची वाट धरायची तर खालच्या देशांची परवानगी लागते. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत हवाई हद्द बंद ठेवली. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने पुन्हा दार लावलं, या वेळी फक्त भारतीय विमानांना. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, ब्रिटिश विमान कराचीवरून जाऊ शकतं आणि भारतीय विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. इंटरनेटवर दिसणारा ‘फ्लाइट टाइम’ म्हणूनच मला ढोबळ अंदाजापलीकडचा वाटत नाही.

तिकीट तर आणखी फसवतं. हिवाळ्यात दुपारी १ ला निघून दहा तासांनी उतरलात तर लंडनमध्ये वाजलेले असतात संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे कागदावर प्रवास साडेचार तासांचा! अशा वेळी काट्यांचं घड्याळ उलटं धरावं. भारतातले ११ वाजलेले असले की मिनिटकाटा ६ वर आणि तासकाटा ५ वर दिसतो. तासकाटा अर्धा तास मागे राहतो खरा, पण काम भागतं. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात.