कारखान्याच्या लायसन्सची फाइल: आधी धोक्यांची यादी, मग हेल्मेट आणि पाट्या

तपासणीचा फोन आला की पहिली धाव नागदेवी स्ट्रीटला, ही मुंबईतल्या छोट्या कारखानदारांची जुनी खोड. मशीद बंदरला उतरायचं, दुकानात शिरून "वीस हेल्मेट, वीस जोडी हातमोजे आणि चार-सहा पाट्या द्या" म्हणायचं, माल टेम्पोत टाकून मरोळला नाहीतर साकीनाक्याला न्यायचा. गाळेवाल्यांच्या लायसन्सच्या फायली करून देणं हे माझं रोजचं काम. आत शिरल्यावर खिळ्याला ओळीने टांगलेली, प्लास्टिकची पिशवीही न काढलेली पिवळी हेल्मेटं दिसली की मला कळतं, इथे यादी झालेली नाही.

यादी म्हणजे धोक्यांची यादी. कोणत्या मशीनवर काय उडतं, काय सांडतं, काय वरून पडतं, कुठे वाफ, कुठे आवाज, कुठे करंट. दोन फुलस्केप पानांत मावते. परवान्याचा नकाशा, कच्च्या मालाचा तपशील, साधनांची खरेदी आणि भिंतीवरच्या पाट्या हे सगळं तिच्यातूनच निघतं. लोक नेमकं उलटं करतात आणि मग फाइलमध्ये एक, भिंतीवर दुसरं, कामगाराच्या अंगावर तिसरंच असतं.

कोणाला लागू

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. वीज वापरून उत्पादन होत असेल तर २० कामगार, विजेशिवाय होत असेल तर ४० कामगार, इथून 'कारखाना' सुरू होतो. मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, ठेकेदाराची माणसंही कामगारच. १४ ऑपरेटर पगारपत्रकावर आणि ८ हेल्पर ठेकेदाराचे, म्हणजे २२ झाले. दोन, आजचा आकडा पुरत नाही. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी २० माणसं कामावर असतील तरी गाळा कारखाना ठरतो. दिवाळीच्या ऑर्डरसाठी आठवडाभर घेतलेली जादा माणसं इथे आठवतात.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला संहितेखाली ऑनलाइन नोंदणी करावी लागते, तिला संहिता लागू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत. धोकादायक कामाच्या ठिकाणी याहून कमी माणसं असली तरी शासन अधिसूचना काढून कायदा लागू करू शकतं. म्हणून क्रोम प्लेटिंगवाल्याने "माझ्याकडे आठच पोरं आहेत" म्हणून निर्धास्त राहू नये.

महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. अर्ज मात्र ऑनलाइनच जातो. जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स अजून फिरतात, त्या भरत बसू नका. ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी पोर्टलवर दिसणारा नमुनाच घ्या.

अर्जासोबत काय लागतं

पहिला प्रश्न नावाचा. अर्ज 'भोगवटादारा'च्या नावाने होतो आणि भोगवटादार म्हणजे कंपनी असेल तर संचालक, भागीदारी असेल तर भागीदार. मॅनेजरला भोगवटादार दाखवून मोकळं होता येत नाही. मॅनेजरचं नाव वेगळ्या रकान्यात जातं.

मग जागेचा कागद: मालकीचा दस्त, भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स. वीजबिल. मशीनची यादी, प्रत्येकीच्या अश्वशक्तीसह. कच्चा माल आणि तयार माल, उत्पादनाच्या टप्प्यांचा आराखडा, रसायनं असतील तर त्यांची सुरक्षा माहितीपत्रकं. कामगारांची कमाल संख्या, स्त्री-पुरुष वेगळी. इमारतीचा स्थैर्य दाखला, तोही सक्षम व्यक्तीच्या सहीचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. जुलैचं हमखास राहतं.

फी अश्वशक्ती आणि कामगारसंख्येवर ठरते, त्यामुळे आकडे कमी दाखवायचा मोह होतो. वीजबिलावरचा मंजूर भार तो मोह लगेच उघडा पाडतो. अर्ज परत येण्याची कारणंही बहुतेक अशीच साधी असतात. वीजबिल अजून जुन्या भाडेकरूच्या नावावर असतं, नकाशात सहा मशीन आणि यादीत नऊ, पॅनवर एक स्पेलिंग आणि करारावर दुसरं. नकाशात बाहेर पडायचे दरवाजे, जिने, मशीनमधली मोकळी जागा आणि हवेची सोय दाखवावी लागते. धोक्यांची यादी हाताशी असेल तर ड्राफ्ट्समनला हे सांगताना चाचपडावं लागत नाही.

साधनं: मशीनप्रमाणे, माणसाप्रमाणे

कुर्ल्याच्या एका गाळ्यात लेथवरच्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हातात सुती मोजे होते आणि डोळ्यांवर काहीच नव्हतं. छत चौदा फुटांवर, वर क्रेन नाही, पडायला काही नाही. समोरून मात्र लोखंडाचा निळा पडलेला गरम कीस उडत होता. मोज्याच्या मनगटाशी एक दोरा सुटून लोंबत होता आणि तो फिरत्या चकपासून, म्हणजे लोखंड पकडून फिरवणाऱ्या जबड्यापासून, वीतभर अंतरावर होता. मी आधी मशीन बंद करायला लावलं. लेथ, ड्रिल, मिलिंग, जिथे काही फिरतं तिथे हातमोजे घालायचेच नाहीत. मोजा अडकला की बोट सुटत नाही, हात आत जातो. तिथे हवा गॉगल, तोही बाजूने बंद असलेला, आयएस (भारतीय मानक) ५९८३ चा. साधा पांढरा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

हातमोज्यांचा गोंधळ रसायनांच्या बाबतीत आणखी वाढतो. निळे नायट्राइलचे मोजे तेल-ग्रीसला उत्तम, पण ॲसिटोनमध्ये ते टिकत नाहीत. तिथे ब्युटाइल रबर लागतं. दुकानदार 'केमिकल ग्लोव्हज' म्हणून काहीही देईल. तुम्ही रसायनाचं नाव सांगायचं, आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. फाइलसाठी मागवलेला तोच कागद इथे कामाला येतो.

मास्कचंही तसंच. एफएफपी-२ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. स्प्रे पेंटिंगच्या खोलीत तो घातलेला माणूस निर्धास्त होऊन जास्त वेळ आत थांबतो, ते उलट वाईट. वाफेसाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला अर्धा मुखवटा लागतो, कार्ट्रिज उघडल्याची तारीख त्यावरच मार्करने लिहायची, आणि दाढी असेल तर कडा चेहऱ्याला बसत नाही हे ज्याचं त्याला समजुतीने सांगायचं. हा विषय चारचौघांत काढू नका, माणूस दुखावतो.

बुटांच्या बाबतीत आयएस १५२९८ लक्षात ठेवा. भाग २ म्हणजे पायाच्या बोटांवर २०० ज्यूलचा आघात सोसणारी टोपी, भाग ३ म्हणजे १०० ज्यूल, भाग ४ला पुढे टोपीच नसते. प्रेसशॉपला भाग २ शिवाय घेऊ नये. सेफ्टी शूज केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाखाली येतात, म्हणून आयएसआय चिन्हाशिवाय जोड उचलू नका. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. दुकानातच उभं राहून टाका. एकदा माझ्यासमोर आलेलं नाव बॉक्सवरच्या नावाशी जुळेना, तेव्हा दुकानदाराने मुकाट्याने दुसरा बॉक्स काढला. बायकांच्या मापाचे बूट आणि हातमोजे आधी सांगून ठेवावे लागतात, नाहीतर पॅकिंगच्या ताई आठ नंबरचा बूट फरफटवत चालतात आणि चौथ्या दिवशी चपलेवर येतात.

हेल्मेट खरंच लागत असेल तिथे आयएस २९२५. आतल्या बाजूला घड्याळासारखं छोटं चक्र उमटवलेलं असतं, बाण ज्या महिन्याकडे तो उत्पादनाचा महिना, मधले आकडे वर्षाचे. उन्हातल्या यार्डात हेल्मेट लवकर कडक होतं, त्यामुळे दोन वर्षं गोदामात पडलेलं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मोजणी करून घ्या. वेल्डिंगला आर्क असेल तर १० किंवा त्यावरच्या शेडची (काळेपणाच्या क्रमांकाची) काच लागते. काळा चष्मा म्हणजे वेल्डिंगची काच असं मानणारे अजून भेटतात.

उंचीवरच्या कामाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे साधन घेऊनही माणूस वाचत नाही. कमरेचा पट्टा बाद, पूर्ण अंगाचा हार्नेस आयएस ३५२१ चा हवा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण दोन मीटरची दोरी आणि तिच्यावर झटका शोषणारं पाकीट असेल, तर माणूस थांबेपर्यंत दोरीची लांबी, पाकिटाचं उलगडणं आणि माणसाची स्वतःची उंची धरून खाली साधारण सहा मीटर मोकळे लागतात. गाळ्यातला पोटमाळा तीन मीटरवर असतो. पाकीट पूर्ण उलगडायच्या आत जमीन येते. तिथे कठडाच लावावा लागतो. खरं तर सगळीकडेच आधी कठडा, गार्ड, एक्झॉस्ट, आणि ते करूनही जे उरतं त्यासाठी अंगावरची साधनं, हाच क्रम.

पाट्या

पाट्यांचे रंग आणि आकार आयएस ९४५७ मध्ये ठरलेले आहेत. लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळं भरीव वर्तुळ म्हणजे हे घाला किंवा करा, पिवळा त्रिकोण काळ्या कडेचा म्हणजे सावधान, हिरवा चौकोन म्हणजे सुटकेचा मार्ग किंवा प्रथमोपचार. अग्निशामकाची जागा लाल चौकोनात. 'नो स्मोकिंग' निळ्यात छापलेलं मी पाहिलं आहे, छापखानेवाल्याकडे निळी शाई शिल्लक होती म्हणे.

आकाराचा एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. जितक्या मीटरवरून पाटी दिसायला हवी त्या आकड्याचा वर्ग करा आणि २००० ने भागा, तेवढे चौरस मीटर पाटी हवी. दहा मीटरसाठी ०.०५, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटरचा चौकोन. ए-फोर कागद जेमतेम ११ मीटरपर्यंत चालतो. लांब शेडच्या टोकाला लॅमिनेट केलेला ए-फोर चिकटवून काही साधत नाही.

भाषा? चित्र आधी, शब्द नंतर. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने दोन्ही ओळी एका पाटीवर बसतात. विजेच्या बाबतीत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. २५० व्होल्टच्या वरच्या जोडणीवर कवटी-हाडांच्या चिन्हासह हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, धोक्याची सूचना लागतेच. त्या पाटीचा नमुना आयएस २५५१ मध्ये आहे. तुमचा थ्री-फेज पॅनल यात आला. पाटी पॅनलच्या दारावर लावा, समोरच्या भिंतीवर नको.

मुंबईच्या पावसात साधं व्हिनाइल एका चातुर्मासात कोपऱ्यातून सुटतं. बाहेरच्या पाट्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आणि स्क्रूने. आणि मोजक्याच. एका दारावर अकरा पाट्या असल्या की कामगार दार बघतो, पाटी नाही.

वाटप आणि तपासणी

साधन दिलं तर नोंद हवी: तारीख, नाव, वस्तू, माप, सही. निरीक्षक वही पाहतोच, पण हल्ली तो थेट हेल्परला विचारतो, "बूट कधी मिळाले? पैसे कापले का?" पैसे कापता येत नाहीत. सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचा भार कर्मचाऱ्यावर टाकायला संहितेत मनाई आहे आणि जुन्या कायद्यातही होती. एका ठिकाणी पगाराच्या स्लिपवर 'शूज' असा रकानाच होता. शेठना वाटत होतं हप्त्याने कापलं म्हणजे सोय केली. ती रक्कम परत करायला लावून पोचपावत्या फाइलला जोडल्या, मगच फाइल पुढे नेली. त्याच वहीत वीस सह्या एकाच वळणाच्या होत्या, हेही सांगून टाकतो.

कामगारालाही जबाबदारी आहे. दिलेलं साधन वापरणं आणि गार्ड न काढणं हे त्याचं कर्तव्य. पण नियोक्त्याने कर्तव्य चुकवल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मृत्यूची किंवा ४८ तास कामावर येता येऊ नये अशा दुखापतीची सूचना संचालनालयाला द्यावी लागते. कामगार ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) असेल तर तिथे अपघाताचा अहवाल वेगळा.

५०० कामगारांच्या कारखान्यात, आणि घातक प्रक्रिया असेल तर २५० लाच, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. लहान गाळ्याला ते लागत नाही, म्हणून यादी सुपरवायझरच्या हाती द्या. लेथवर पंधरा वर्षं काढलेल्याला कीस कुठे उडतो हे सल्लागारापेक्षा जास्त कळतं. शक्य झालं तर त्याला एक दिवस शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतलं सुरक्षा प्रदर्शन दाखवून आणा.

परवाना मिळाल्यावर नवीन मशीन आणलं किंवा पोटमाळ्यावर पावडर कोटिंगचा बूथ टाकला, तर नकाशा आणि अश्वशक्ती दोन्ही बदलतात. सुधारित नकाशाची मंजुरी आधी घ्यायची, बूथ नंतर बसवायचा. आणि त्याच दिवशी यादीच्या दुसऱ्या पानावर एक ओळ वाढवायची: पावडरची धूळ, ठिणगी, मास्क, अर्थिंग, पिवळा त्रिकोण.