पंख्याच्या दोरीपासून ओल्या कपड्यांपर्यंत: पेटंटच्या कागदांत उद्याची यंत्रं शोधताना

जुलै लागला की दादरच्या आमच्या दोन खोल्यांत कपडे वाळत घालायला जागा उरत नाही. बाल्कनीच्या ग्रिलमधून झड आत येते, म्हणून दोरी पंख्याखाली बांधावी लागते. जीन्सचे खिसे आणि कमरेचा पट्टा तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो, आणि इस्त्री फिरवली की त्यातून कुबट वास वर येतो. अशाच एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रेषाचित्र आलं. चौकोनी पेटी, आत जाळीचा ड्रम, आणि प्रत्येक भागापासून निघालेल्या बारीक रेघांच्या टोकाला १०२, १०४, १०६ असे आकडे. खाली लिहिलं होतं: उष्णतेशिवाय कपडे वाळवणारं यंत्र, पेटंट मिळालं, लवकरच बाजारात. तासाभरात सात-आठ जणांनी किंमत विचारली.

चित्र खरं होतं. पण ते ज्या कागदातलं होतं त्यात पेटंट मिळाल्याचं किंवा यंत्र लवकर येणार असल्याचं कुठेच म्हटलेलं नव्हतं. तो पेटंटसाठी केलेला, नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज होता. असे अर्ज पाहून उद्याच्या स्वयंपाकघराचे अंदाज बांधण्याची सवय आता जगभर रुळली आहे, म्हणून ती आली कुठून आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे नीट सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवातच घरातल्या वाऱ्यापासून झाली. १८५६ साली हिंदुस्थानात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. त्याच वर्षी ३ मार्चला कोलकात्याच्या ग्रँट्स लेनमध्ये राहणारे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी सरकारकडे अर्ज केला. शोध होता पंखा ओढणारं यंत्र. छताला टांगलेला कापडी पंखा तेव्हा दोरीनं हलवावा लागे, आणि ती दोरी ओढायला व्हरांड्यात माणूस बसवलेला असे. डीपेनिंग यांना त्या माणसाच्या जागी यंत्र आणायचं होतं. २ सप्टेंबरला त्यांनी तपशील आणि आकृत्या दिल्या आणि देशातला पहिला असा हक्क त्यांना मिळाला. या नोंदीकडे पाहताना मला नेहमी वाटतं की पेटंटच्या कागदात यंत्र दिसण्याआधी घरातली अडचण दिसते. कुणाला काय नकोसं झालं होतं, ते त्यात लिहिलेलं असतं.

पण हे कागद शोध ताजा असतानाच सर्वांना दिसू लागले ते बऱ्याच उशिरा. पूर्वी पेटंट मंजूर होईपर्यंत अर्ज कपाटात बंद असे. १९६०च्या दशकात युरोपात तपासनिसांकडे अर्जांचे ढीग साचले, तेव्हा आधी नेदरलँड्सने १९६४ मध्ये आणि मग जर्मनीने १९६८ मध्ये वेगळी वाट काढली: तपासणी होवो न होवो, अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध करायचा. अमेरिकेने हे २९ नोव्हेंबर २००० पासूनच्या अर्जांना लागू केलं. आपल्याकडे २००२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे २० मे २००३ पासून ते अमलात आलं. आज पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं आणि कुणालाही फुकट पाहता येतं. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात आहे. १८ महिन्यांचा हा आकडा आला बौद्धिक संपदेबाबतच्या पॅरिस करारातून. एका देशात अर्ज केल्यावर दुसऱ्या देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात, त्यावर छपाईच्या तयारीचे सहा.

म्हणजे प्रसिद्ध अर्जात आपण बहुधा दीड वर्षापूर्वीचा विचार वाचतो, आणि तो कुणी तपासलेला असेलच असं नाही. अमेरिकेच्या २००१ पासूनच्या कागदावर क्रमांकानंतर ए असेल तर तो अर्ज, बी असेल तर मंजूर पेटंट. एवढं एक अक्षर पाहिलं तरी फॉरवर्ड झालेल्या निम्म्या बातम्या गळून पडतील.

आणि मंजुरीनंतरही वाट किती लांबची असते, ते मायक्रोवेव्ह सांगतो. रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे त्याच्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीजवळ, उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यांचा अर्ज ऑक्टोबर १९४५ चा, पेटंट जानेवारी १९५० चं. १९४७ साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. ते हॉटेलांच्या आणि जहाजांच्या कामाचं, घराच्या नाही. ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह १९६७ मध्ये ४९५ डॉलरला आला. तेव्हा अमेरिकेत पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चाले, म्हणजे स्पेन्सर यांच्या त्या पेटंटची मुदत त्याच वर्षी संपली होती. मधल्या काळात कल्पना तीच राहिली. बदलला तो आतला भाग, जपानमध्ये तयार झालेला लहान, स्वस्त मॅग्नेट्रॉन. १९५० सालचं पेटंट वाचून कुणी पुढच्या वर्षीची वाट पाहिली असती तर त्याला सतरा वर्षं थांबावं लागलं असतं.

भांडी घासण्याच्या यंत्राची वाट याहून लांब. अमेरिकेतल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट मिळालं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते गाजलं, हॉटेलांनी विकतही घेतलं. घरांत मात्र तेवढं गरम पाणी नव्हतं. मुंबईत हे यंत्र मॉलमध्ये असूनही बराच काळ परकंच राहिलं. कढईचं खरपूस बूड, कुकरची शिटी, फोडणीचं तेल यात निघेल का, हा प्रश्न रास्तच होता, आणि घरी मावशी येत होत्या. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना येता येईना तेव्हा मागणी एकदम वाढली. हे कुठल्या पेटंटमध्ये दिसणार होतं?

काही कागद तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचले नाहीत. फ्रिजमधला विषारी वायू गळून बर्लिनमध्ये एक कुटुंब दगावल्याचं वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलणारे भाग नसलेला फ्रिज शोधला. ११ नोव्हेंबर १९३० ला अमेरिकेत त्याचं पेटंट निघालं. त्याच सुमारास कमी विषारी फ्रेऑन वायू आला आणि त्या फ्रिजची निकड उरली नाही. अलीकडचं उदाहरण कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचं. जपानमध्ये लाँड्रॉइड नावानं २०१५ मध्ये ते दाखवलं गेलं, आणि २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. उलटा पडलेला टी-शर्ट सरळ करून त्याची घडी घालणं आपल्या हाताला दोन सेकंदांचं काम. यंत्राला एकेका कपड्यामागे कित्येक मिनिटं लागत.

मुंबईचा या इतिहासातला वाटा मला फार मोलाचा वाटतो. १९६३ च्या सुमारास सीमेन्समध्ये काम करणारे अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडला. तो इडली-डोशाचं पीठ आणि सुकी हळद वाटण्यासाठी बनलेलाच नव्हता. माथुरांनी जास्त ताकदीची, न थांबता चालणारी मोटर बसवून सुमीत मिक्सर बनवला. आमच्या आईकडे त्याच घडणीचं जाड स्टीलचं भांडं अजून आहे. सुकं खोबरं आणि लसणाची चटणी करायची झाली की तिला तेच लागतं. पात्याखालचा रबर ती वर्षातून एकदा बदलून आणते आणि झाकणावर तळहात दाबून धरते. यात विज्ञानाचा नवा सिद्धांत कुठला नव्हता, पण आपल्या वाटणाची नेमकी जाण होती.

दुसरं उदाहरण पुन्हा पंख्याचंच. ब्रश नसलेल्या डीसी मोटरचं, म्हणजे आजच्या बीएलडीसीचं, तत्त्व १९६२ साली शोधनिबंधात आलं. पुढची कित्येक वर्षं ती महागडी राहिली, कारण ताकदवान चुंबक आणि नियंत्रण करणारी चिप दोन्ही महाग. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या मनोज मीणा आणि शिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग कंपनी काढली आणि पुढे हीच मोटर छताच्या पंख्यात आणली: साध्या पंख्याच्या सुमारे ७५ वॉटऐवजी २८ वॉट. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला २०० युनिटच्या आसपास वीज वाचते. १९६२ पासून पन्नासहून अधिक वर्षं. म्हणून उद्याचं यंत्र ओळखायचं असेल तर मी आधी जुने, मुदत संपलेले कागद काढतो आणि त्यांतला अडलेला भाग आता स्वस्त झाला आहे का, ते पाहतो. पेटंट २० वर्षांनी सर्वांचं होतं, तेव्हा ते वाचणारे कारखानदारही वाढतात.

आपल्या कायद्यात एक चांगली खूणही आहे. कलम १४६ नुसार मंजूर पेटंटचा वापर भारतात होतो आहे की नाही, हे मालकाला फॉर्म २७ भरून कळवावं लागतं. २०२४ पर्यंत ते दरवर्षी होतं, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. पेटंट फ्रेम करून भिंतीवर लावलंय की कारखान्यात उतरलंय, ते तिथे कळतं.

आता ग्रुपवरच्या त्या ड्रायरकडे. त्यातलं तत्त्व अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं कापडाच्या लहान तुकड्यांवर दाखवलेलं आहे. पिझो चकत्या, म्हणजे वीज दिली की कंप पावणाऱ्या चकत्या, इतक्या वेगानं थरथरतात की पाणी वाफ न होता धुक्यासारखं उडून जातं. या चकत्या खोलीत दमटपणा आणणाऱ्या स्वस्त यंत्रांत आधीच लाखोंनी वापरल्या जातात, म्हणजे मायक्रोवेव्हच्या वेळी अडलेली भागाची किंमत इथे अडेलच असं नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: कापड चकतीला टेकावं लागतं, आणि ड्रममध्ये चार चादरी गोळा झाल्या की आतले पदर टेकत नाहीत. शिवाय उडालेलं धुकं मुंबईच्या जुलैत खोलीत सोडून चालणार नाही, त्याचं पाणी करून मोरीत न्यावं लागेल.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला थांबवून विचारलं, "मग थांबू का रे, की साधा ड्रायर घेऊन टाकू?" त्यांच्या घरी नातवाचे लंगोट असतात, दिवसाला वीस-पंचवीस. मी म्हटलं, "काकू, थांबू नका, घ्या. त्या कागदात भरलेल्या ड्रमचा एकही प्रयोग नाही. तो दिसला की मी स्वतः खाली येऊन सांगेन."