छतावरच्या सौर विजेसाठी अनुदान: अर्ज करण्याआधी बिलावरचं नाव बघा

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज भरायला बसण्याआधी महावितरणचं ताजं बिल हातात घ्या आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा. वडील वारले, मीटर अजून त्यांच्याच नावावर, अर्ज मुलाच्या नावाने आणि बँक खातं सुनेचं, अशी अवस्था घरोघरी असते आणि अर्ज तिथेच अडकतो. बिल, अर्ज आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. नसेल तर आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती देऊन मीटरचं नाव बदलून घ्या. त्यात थोडे दिवस जातात, पण नंतर निस्तरत बसण्यापेक्षा ते परवडतं.

घर स्वतःचं, छत वापरण्याचा हक्क तुमचा, वीजजोडणी चालू आणि त्या घरासाठी आधी सौर अनुदान घेतलेलं नाही, एवढ्या अटी पुरेशा आहेत. फ्लॅटमधल्यांची गोष्ट वेगळी. गच्ची सोसायटीची असल्याने अर्जही सहसा सोसायटीच करते, आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात.

स्वतंत्र घराला पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा संच लावला तरी अनुदान वाढत नाही. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. त्यामुळे बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर पाहून क्षमता ठरवा. महिना २४० युनिटच्या आसपास वापर असेल तर २ किलोवॉट पुरे.

अनुदान मोजताना पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांतली जी कमी, तीच धरतात. इन्व्हर्टर ३ किलोवॉटचा, पण ५४० वॉटची पाचच पॅनल लावली, तर हिशेब २.७ किलोवॉटचा होतो आणि ७८,००० ऐवजी ७२,६०० रुपये हाती येतात. कोटेशनमध्ये म्हणूनच पॅनलची संख्या आणि प्रत्येकाची वॉट क्षमता लिहून घ्या. पॅनल देशी बनावटीच्या सेलचीच (सेल म्हणजे पॅनलमधले वीज तयार करणारे तुकडे) हवीत. स्वस्त म्हणून आयात सेलची लावली तर अनुदान विसरा.

योजनेच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून राज्य, वितरण कंपनी आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकायचा आणि ताजं बिल अपलोड करायचं. १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला तांत्रिक मंजुरी आपोआप मिळालेली मानली जाते. मग पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडा, दोन-तीन कोटेशन घ्या आणि पाच वर्षांची देखभाल करारात आहे ना ते वाचा. संच बसल्यावर तपशील आणि फोटो भरले जातात, वितरण कंपनी तपासणी करून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसवते आणि संच चालू झाल्याचा कार्यान्वयन अहवाल निघतो. त्यानंतर रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पान जोडून अनुदानाची मागणी करायची. ती केली नाही तर संच चालू असूनही पैसे येत नाहीत. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करावी लागते. ३ किलोवॉटपर्यंत बँका विनातारण कर्ज देतात.

महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्यांनी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांनी राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेची चौकशी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जरूर करावी. त्यात १ किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या रकमेवर राज्याची भर पडते.

‘शून्य बिल’ हा शब्द मात्र जपून ऐका. युनिटांची वजावट झाली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. शिवाय लाइट गेली की ग्रिडला, म्हणजे वितरण कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा संचही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. आणि टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलची वीज घटू शकते. विक्रेता जागा बघायला येईल तेव्हा सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली कुठे पडते, ते त्याला गच्चीवर नेऊन दाखवा.